पाहुणपणाचं घड्याळ

आमच्या घरमालकांना किती वाजले हे विचारण्यात अर्थ नसायचा. विचारलं, की ते आधी अंगणातल्या उन्हाकडे पाहायचे, मग रेल्वेलाइनीच्या दिशेला कान करायचे आणि म्हणायचे, "मेल जायची हाय अजून." त्यावरून विचारणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं. ज्याच्या घरी घड्याळच नाही अशा माणसानं असं सांगितलं असतं तर मी समजू शकलो असतो. या गृहस्थांकडे सात मनगटी घड्याळं होती. सगळी स्विस, सगळी किल्लीची आणि सगळी सोन्याची.

मी नांदुऱ्याला मोजणी खात्यात बदलीवर गेलो तेव्हा तिशी ओलांडली नव्हती. सांगलीकडचा माणूस, त्यातून मोजणीदार, त्यामुळे आपण सांगू ते बरोबर असा एक ताठा अंगात होताच. खोली दाखवताना त्यांनी मला दोन अटी घातल्या. मोरीत केस टाकायचे नाहीत आणि भिंतीवर घड्याळ लावायचं नाही. पहिली अट मला समजली. दुसरीचं कारण विचारलं तर "टिकटिक करते" एवढंच म्हणाले. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, मीही म्हणू लागलो. त्यांची बायको ती काकू.

काकाजी जन्मभर कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईचे ग्रेडर होते. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यात धरायची, हलक्या हातानं ओढायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचं काम. यंत्रं आली तरी शेठ आधी काकाजींच्या बोटांकडे पाहायचा म्हणे. निवृत्त झाल्यावरही त्यांची बोटं रिकामी राहत नसत. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचा सुटा दोरा धरून ओढायचे आणि "मिलावट हाय" म्हणून सोडून द्यायचे. माझे किती शर्ट त्यांनी असे नापास केले.

त्यांच्या स्वतःच्या शर्टाची बाही मात्र कायम मनगटापर्यंत, बटण लावलेली. नांदुऱ्याच्या मे महिन्यात, जेव्हा माणसं बनियनवर ओट्यावर बसतात, तेव्हाही. हात धुतानासुद्धा ते बाही वर सारत नसत. ओल्या कफांनीच जेवायला बसत. मला वाटायचं, आत भारीतलं घड्याळ असणार. तीन महिन्यांनी एकदा त्यांना ताप आला आणि डॉक्टरांनी नाडी पाहायला बटण काढलं, तेव्हा कळलं की आत काहीच नव्हतं. उन्हाचा स्पर्श नसलेलं, बाईमाणसासारखं गोरं मनगट होतं फक्त.

घड्याळं होती ती मिसळणाच्या डब्यात. स्वयंपाकघरात असतो तो गोल डबा, आत सात वाट्या. तो त्यांनी कधीतरी काकूंकडून उचलला होता आणि काकूंची हळद, तिखट, मोहरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जाऊन पडली होती. प्रत्येक वाटीत रुईची गादी. ती रुई स्वतः निवडलेली, लांब धाग्याची, एक कण सरकी नाही की एक पान नाही. त्या गादीवर एकेक घड्याळ झोपलेलं. रविवारी अंघोळ झाली की काकाजी डबा घेऊन ओट्यावर बसत आणि एकेकाला किल्ली देत. किल्ली द्यायची, पण वेळ लावायची नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे सात घड्याळं सात वेळा दाखवत. मी एकदा म्हणालो, "यातलं बरोबर कुठलं?" काकाजींना प्रश्नच पटला नाही. म्हणाले, "सातही बरोबरच हायेत. ज्याच्या त्याच्या घरी तेवढेच वाजले असतीन."

त्यांच्या मते घड्याळाच्या जाती दोनच. एक कामाचं आणि एक पाहुणपणाचं. कामाचं घड्याळ जाडजूड असतं, त्याला सेकंदकाटा असतो, तारीख असते. ते गार्डानं घालावं, मास्तरानं घालावं, नाडी पाहणाऱ्यानं घालावं. पाहुणपणाचं घड्याळ बंद्या रुपयाएवढं पातळ. पांढरी तबकडी, दोन काटे, चामड्याचा पट्टा, संपलं. ते बाहीखाली अडकता कामा नये आणि दिसलंच तर चुकून दिसावं. "पाव्हणपणात सेकंद मोजत नसतात," असं ते समजावून सांगायचे. दुसऱ्याच्या घरी बसून घड्याळ पाहणं म्हणजे यजमानाला आटपा म्हणणं. तेव्हा हे घड्याळ हातावर असावं आणि त्याकडे पाहू नये, यासाठीच बनवलेलं असतं.

मी हसायचो, पण ते ऐकण्यासारखं सांगायचे. पूर्वी मोठ्या माणसांचं घड्याळ खिशात साखळीला असायचं. मनगटावर बायका बांधत, पुरुषांना त्याची लाज वाटे. मग लढाई आली. शिपायाला हात मोकळे हवेत, त्यानं खिशातलं घड्याळ मनगटाला बांधलं आणि ती लाज मोडली. लढाई सरली तसे तेच कारागीर श्रीमंतांसाठी यंत्र पातळ करण्याच्या मागे लागले. आज अमक्यानं एवढं पातळ केलं, उद्या तमक्यानं त्याहून पातळ. पुढे मोबाईलवर मी हे सगळं पडताळून पाहिलं आणि ते बरंचसं खरं निघालं. काकाजींना ते कुठून कळलं होतं, तर शेठच्या गादीवर पडलेल्या जुन्या इंग्रजी मासिकांतल्या जाहिरातींवरून. तिथली अक्षरं त्यांनी शब्दकोश घेऊन लावली होती.

पण लढाई आणि स्वित्झर्लंड ही नुसती प्रस्तावना. खरी गोष्ट पुढे होती, ती म्हणजे असली घड्याळं आमच्या तालुक्यात आली कशी. तर जावयांमुळे. कापसाला सोन्याचे दिवस होते तेव्हा जिनिंगवाले आणि मोठे जमीनवाले कापसाच्या कामानं मुंबईला जात आणि लेकीचं लग्न ठरलेलं असलं तर येताना जावयासाठी घड्याळ आणत. घरी आलं की ते थेट भांड्याच्या दुकानात. लग्नाच्या ताटवाट्यांवर नाव टाकणारा माणूस तिथं बसलेला असे. तो छोट्या हातोडीनं आणि सुईनं ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटवायचा. हंड्यावर, परातीवर नाव टाकावं तसं तो सोन्याच्या स्विस घड्याळाच्या पाठीवरही टाकून द्यायचा, चि. अमुक यास तमुककडून सप्रेम भेट. ज्यानं ते घड्याळ घडवलं त्या परदेशी कारागिरानं हे पाहिलं असतं तर त्याला भोवळ आली असती. काकाजींच्या सहा घड्याळांवर अशी नावं होती.

त्या सहांच्या सहा कहाण्या होत्या. मला सगळ्यात आवडायची ती अर्ध्या घड्याळाची. मलकापूरकडच्या एका नवरदेवाला सासऱ्यानं असं पातळ घड्याळ दिलं. नवरदेवानं पाहिलं, तर सेकंदकाटा नाही. तो पानावरून उठला. मला अर्धं घड्याळ दिलं म्हणाला, सामान कमी घातलं आहे. सासऱ्यानं समजावलं, मुंबईच्या दुकानाची पावती दाखवली, पण नवरदेव ऐकेना. शेवटी मांडवातल्याच एका पोलीस पाटलाच्या हातातलं जाडजूड स्टीलचं, सेकंदकाटा तुरुतुरु पळणारं घड्याळ काढून त्याला बांधलं तेव्हा तो जेवला. सोन्याचं ते अर्धं घड्याळ पुढे चाळीस वर्षं पाटलाच्या घरी ट्रंकेत पडून होतं. काकाजींनी पाटलाच्या नातवाला बॅटरीचं नवंकोरं चकचकीत घड्याळ देऊन ते आणलं. आणताना "हे सोनं हाय बरं, मंग म्हणसान सांगतलं नाई" असं तीनदा बजावलं. तरी नातवानं आनंदानं दिलं, वर कहाणी फुकट सांगितली. कहाणी ऐकल्याशिवाय काकाजी घड्याळ घेतच नसत. प्रत्येक वाटीत रुईखाली एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, कोण, कुठल्या गावचा, कशासाठी रुसला.

तालुक्यातल्या बहुतेक लग्नांना ते जात. बोलावणं असलं तरी जात, नसलं तरी जात. सहांपैकी एक घड्याळ त्या दिवशी बाहीखाली असे, तेही बटणाआड. मांडवात कोपऱ्यातली खुर्ची धरून नवरदेवाचं मनगट न्याहाळत बसायचे. अलीकडे तिथं पावलं मोजणारं, काळ्या काचेचं घड्याळ असायचं. काकाजी परत येऊन खेदानं सांगत, "नवरदेवाले चालाची मोजणी कायले लागते? बसला तर होता दिवसभर."

हे सगळं मला मौजेचं वाटायचं, पण त्या डब्यातली मधली वाटी मला गप्प बसू देत नव्हती. मधल्या वाटीतलं सातवं घड्याळ सर्वांत पातळ, सर्वांत देखणं. त्यालाही रविवारी किल्ली मिळे, पण ते कधी माझ्या हातात दिलं जात नसे, आणि काकाजी ते उपडं करत नसत. त्याखाली चिठ्ठीही नव्हती. हे कोणाचं म्हणून विचारलं तर म्हणायचे, "डब्यातलंच हाय." ते घड्याळ कधी त्यांच्या हातावरही मी पाहिलं नाही.

दुसरी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. काकू दिवसातून दहादा वेळ विचारायच्या. दूधवाल्याला, शेजारच्या सुनेला, मला. "किती वाजले रे?" म्हणून माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. नवरा ओट्यावर सात घड्याळं मांडून बसलेला असताना त्याला ओलांडून माझ्याकडे यायच्या. त्याला त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

एका दुपारी त्या गहू निवडत बसल्या होत्या आणि काकाजी कुठल्याशा लग्नाला गेले होते. मी थट्टेनं म्हणालो, घरात एवढी घड्याळं आणि तुम्ही मला का विचारता. त्यांनी सुपातला खडा वेचून बाजूला ठेवला आणि जे सांगितलं ते इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की मला आधी कळलंच नाही की त्या स्वतःच्या लग्नाबद्दल बोलत आहेत.

काकूंचं माहेर रोहिणखेडचं. वडील नांदुऱ्याच्याच एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. म्हातारा शेठ सगळं सोडून गावी निघाला तेव्हा त्यानं हातातलं पातळ सोन्याचं घड्याळ काढून या दिवाणजीच्या हातावर बांधलं होतं. घरात तेवढी एकच अपूर्वाईची वस्तू. दिवाणजी ते रोज घालत, कचेरीतही आणि शेतातही. काकूंच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला लग्नात घड्याळ मिळालं होतं, साधंच, पण मिळालं होतं. काकाजींना अंगठी आणि कपडे मिळाले. जेवायच्या पानावर ते रुसले. साडूला मिळालं, मला का नाही म्हणून हात आखडून बसले. मांडवभर माणसं थांबली. तेव्हा दिवाणजींनी स्वतःच्या हातातलं काढलं आणि जावयाला बांधलं.

"मी दारात उभी होती," काकू म्हणाल्या. "बाबाच्या मनगटावर पांढरा पट्टा राह्यला होता, घड्याळाच्या जागी. त्याच हातानं ते पंगतीत वाढून राह्यले होते. अन् यायनं बाही वर सारली होती. सगळ्यायले दाखवत होते."

पुढच्या वर्षीच काकाजींना आपण काय केलं ते कळलं. ते घड्याळ रुमालात बांधून ते रोहिणखेडला गेले. दिवाणजींनी पाट दिला, जेवू घातलं आणि रुमालावर नारळ ठेवून रुमाल तसाच परत दिला. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही असं मानणारा माणूस, तो जावयाला दिलेलं परत कसा घेणार. दिलं ते दिलं, एवढंच म्हणाले. काही वर्षांनी ते गेले. तेव्हापासून काकाजींनी बाहीचं बटण काढलं नाही आणि काकूंनी त्यांना वेळ विचारली नाही. भांडण नाही, अबोला नाही, संसार नीट चालू होता. फक्त तेवढी एक गोष्ट त्यांनी मागितली नाही.

"दुसऱ्यायचे रुसवे गोळा करते हा माणूस," त्या म्हणाल्या, "आपला लपवाले." मग सूप पाखडता पाखडता म्हणाल्या, "ज्या दिवशी ते घड्याळ माह्या बाबाच्या घरी जाईन, त्या दिवशी इचारीन यायले टाइम."

त्यांनी मला सगळं सांगितलं असं मला वाटलं. त्यातली एक गोष्ट त्यांनी स्वतःजवळ ठेवली होती, ती मला रोहिणखेडच्या मांडवात कळायची होती.

मी त्या काळात मोबाईलवर घड्याळांच्या शौकिनांच्या गटात शिरलो होतो. अशा पातळ घड्याळांना परदेशात केवढी मागणी आहे ते पाहून माझे डोळे पांढरे झाले होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला मी काकाजींच्या नकळत सहा घड्याळांचे फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, माल उत्तम, पण पाठीवरच्या नावांमुळे किंमत पडते, आधी घासून साफ करून घ्या. मी मोठ्या तोऱ्यात हे ओट्यावर सांगितलं. काकाजी रागावले नाहीत. अर्धं घड्याळ उपडं करून त्यावरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "नाव हाय म्हणून घड्याळ हाय. नाव गेलं तर नुसती डबी राहते." मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला बाजार कळत नाही. अर्धवट ज्ञान माझ्याकडे होतं, आणि मी समजत होतो की ते त्यांच्याकडे आहे.

मग एका चैत्रात रोहिणखेडहून पत्रिका आली. काकूंच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या नातवाचं लग्न, आणि तेही नवऱ्यामुलाच्या दारी. पत्रिका वाचून काकाजी दिवसभर येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी माझ्या खोलीत आले, कधी नव्हे ते दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "जवायाचं देलेलं वापस घेत नाई कोणी. पण आहेर? आहेर तर घ्याच लागते."

एवढी वर्षं त्यांना ही वाट सापडली नव्हती. ती सापडल्यावर ते असे काही उजळले होते, की मला त्यांच्या तरुणपणीचा चेहरा दिसल्यासारखं वाटलं. दिवाणजींचं घड्याळ दिवाणजींच्या पणतवाच्या हातावर आहेर म्हणून बांधायचं. दादांना नाही म्हणता येणार नाही. आहेर परतवणं म्हणजे नातं परतवणं, ते कोणी करत नाही. त्यांनी काकूंनाही सांगितलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात घातलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी माझं खामगावला कचेरीचं काम होतं. काकाजींनी मधल्या वाटीतलं घड्याळ रुईत गुंडाळून पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं. म्हणाले, "पट्टा अन् काच. एवढंच करून आण."

पट्टा आणि काच. दोन शब्द होते. मोजणीदाराला दोन शब्द मोजता यायला हवे होते.

खामगावच्या कारागिरानं पट्टा बदलला, काच बदलली. मग घड्याळ उपडं करून म्हणाला, मागे बारीक ठिपके आहेत, ओरखडे आहेत, मशीनवर घासून काढू का. मी एक नजर टाकली. खडीवर पडल्यासारखे टोचे होते, मळ भरलेले, वेडेवाकडे, झिजून पुसट झालेले. चि. नव्हतं, सप्रेम नव्हतं, कुठली सरळ ओळ नव्हती. नाव असेल असं मला वाटलंच नाही. खरं सांगायचं तर मी नीट पाहिलं नाही. दुसऱ्या हातात मोबाईल होता. माझ्या डोक्यात एकच होतं, की हे घड्याळ उद्या असं झळकलं पाहिजे की काकाजींनी माझी पाठ थोपटली पाहिजे.

मी म्हणालो, "काढा. एकदम नव्यासारखं करा."

धुऱ्यावरचा हद्दीचा दगड हलवू नका, खूण एकदा गेली की कुणाच्या बापाला सापडत नाही, हे मी रोज शेतकऱ्यांना ओरडून सांगत फिरत होतो. त्या दुकानात ते मला आठवलं नाही. मशीन फिरलं, मऊ सोनं ते, पाच मिनिटांत पाठ आरशासारखी झाली. मी मखमलीची डबी घेतली, वरून सोनेरी कागद लावून घेतला. काकाजींनी सकाळी ती डबी हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि कागद चांगला आहे म्हणाले. उघडली नाही.

जीप करून आम्ही तिघं निघालो. मोताळ्याच्या पुढे रस्त्यात काकाजींनी एकाएकी डाव्या बाहीचं बटण काढलं आणि एक घडी वर सारली. ते पुढे बसले होते. काकूंनी मागून पाहिलं आणि पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं.

मांडवात अक्षता पडल्या, आहेर सुरू झाले. काकाजी नवरदेवासमोर जाऊन उभे राहिले आणि शेजारी बसलेल्या दादांना म्हणाले, हे तुमच्या हातानं उघडा आणि पोराला बांधा. दादा ऐंशीच्या घरातले, सावकाश माणूस. त्यांनी सोनेरी कागद न फाडता सोडवला, डबी उघडली, घड्याळ हातात घेतलं. क्षणभर त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी ते उपडं केलं आणि अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. डोळ्यांजवळ नेऊन उजेडात धरलं. मग त्यांचा चेहरा पहिल्यासारखा झाला.

"चांगलं हाय, जवाईबापू," ते म्हणाले. "मले वाटलं, आमच्या बाबाचंच हाय. नवं घेतलं असन."

आणि शेजारच्या व्याह्यांना ते कौतुकानं सांगू लागले. आमच्या बाबांचं असंच एक होतं. ही बहीण सात वर्षांची होती, नुकतीच अक्षरं गिरवायला लागली होती. बाबा आम्हा दोघांना नांदुऱ्याच्या बाजारात भांड्याच्या दुकानी घेऊन गेले. नाव टाकणाऱ्याला म्हणाले, माझी लेक लिहील तसंच उमटव. हिनं पेन्सिलीनं 'बाबा' असं लिहिलं, दुसरा बा खाली घसरलेला. त्या माणसानं त्यावरूनच सुई चालवली. बाबा तो घसरलेला बा सगळ्यांना दाखवायचे.

हे सांगून झाल्यावर दादांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "ते जुनं गेलं काय, बापू?"

मी काकाजींच्या मागेच उभा होतो. एक शब्द त्यांनी उच्चारला असता, या पोरानं घासून आणलं म्हणून, तर निदान खरं काय ते समजलं असतं. पण भर मांडवात कोण विश्वास ठेवणार होतं, आणि ज्याच्या पाठीवर काही नाही ते घड्याळ दिवाणजींचं म्हणून कसं दाखवणार होतं. काकाजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला आज बरं वाटलं असतं.

"हाव," ते दादांना म्हणाले. "गेलं."

काकूंनी दादांच्या हातून घड्याळ घेतलं. पाठीवरून हळूच बोट फिरवलं, जिथं आपलं सात वर्षांचं अक्षर होतं तिथं. मग पुढे झाल्या आणि स्वतःच ते नवरदेवाच्या हातावर बांधलं. पोरानं त्यासाठी आपलं काळ्या काचेचं घड्याळ काढून खिशात टाकलं होतं. जेवणं होईपर्यंत त्यानं पुन्हा अदलाबदल केली होती.

दुसऱ्या दिवशी मी काकाजींचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं. म्हणाले, "मांगं काय हाय ते म्या तुले सांगाले पाह्यजे होतं. मले लाज वाटली. पोरीचं अक्षर हिसकून घेतलं, हे कोणत्या तोंडानं सांगू?" त्या रविवारपासून त्यांनी डबा ओट्यावर आणला नाही. दोन वर्षांनी ते गेले, तेव्हा माझी बदली झालेली होती. काकूंनी पुढे चिठ्ठ्या वाचून सहाही घड्याळं ज्यांच्या त्यांच्या घरी पोचती केली, एसटीनं, एकेका गावाला जाऊन, असं शेजारच्या सुनेनं मला फोनवर सांगितलं. डब्यात हळद-तिखट परत गेलं होतं.

आता मला घड्याळांतलं बरंच कळतं. शौकीन लोक न घासलेल्या घड्याळासाठी जीव टाकतात, झिजलेल्या कडा आणि जुने ओरखडेसुद्धा जपतात, हे मी नवशिक्यांना समजावून सांगतो. कुणी घासून आणलेलं घड्याळ दाखवलं तर मी त्याला वाटेल ते बोलतो. लोकांना वाटतं, मी फार जाणकार आहे.

पण मला आठवत राहतो तो परतीचा रस्ता. उन्हं कलली होती. काकाजी पुढे बसले होते, बाहीची घडी अजून तशीच वर होती आणि ते मनगट मांडीवर ठेवून ते समोर पाहत होते. मला माहीत होतं ते कशाची वाट पाहत आहेत. घड्याळ शेवटी दिवाणजींच्या घरी पोचलं होतं. कोणाला ठाऊक नसलं तरी काकूंना ठाऊक होतं. मीही वाट पाहत होतो. त्या क्षणी मी देवाकडे दुसरं काही मागितलं नसतं.

मोताळा मागे पडला. काकूंनी पदर सारखा केला, बाहेर पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती वाजले रे?"

मी मोबाईल काढला आणि सांगितलं. पुढच्या सीटवर काकाजींनी बाही खाली ओढली आणि बटण लावलं.